खंबीर मनाची हजेरी

“ही दोन टेबलं आत घ्या आणि ती खुर्ची बाहेर काढा. पाहुण्यांच्या चहाची सोय इथेच करायची,” प्राचार्य शिपायाला सांगत होते. खुर्ची समुपदेशनाच्या खोलीतली होती, आणि तिच्यावर एक मुलगी बसलेली होती.

मुलगी उठली. समुपदेशक पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची, हातात वही धरून नुसती उभी राहिली. आठवड्यातून तीन दिवस ती कॉलेजात येते. ते तिन्ही दिवस कार्यशाळेने खाल्ले होते, आणि आता खोलीही गेली. कार्यशाळेचं नाव काय, तर ‘खंबीर मन’.

मी समोरच्या परीक्षा विभागात बसते. एकोणतीस वर्षं झाली. माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात. मुलं मला पाठीमागे फौजदारबाई म्हणतात आणि ते मला चांगलं ऐकू येतं. पण त्या दिवशी मी मूग गिळून बसले, कारण कार्यशाळेच्या नोटिशीवर सही माझीच होती. गेल्या वर्षी दोन मुलं परीक्षेच्या तोंडावर कॉलेज सोडून गेली, एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यावर इलाज म्हणून ही कार्यशाळा. सभागृह रिकामं दिसू नये म्हणून दाराशी अंगठ्याचं यंत्र, आणि तीन दिवसांतला एक जरी चुकला तरी हॉलतिकीट मिळणार नाही. मन खंबीर करायचं, तेही धाक दाखवून.

“माझी रेकॉर्डची खोली आहे,” मी त्या पोरीला म्हटलं. “धूळ आहे, पण दार लागतं.”

“चालेल, बाई. फक्त एक करा. इथे जे येतील त्यांचं नाव विचारू नका.”

मी विचारलं नाही. तिथेच माझं चुकलं, पण ते पुढे.

ती मुलगी तिन्ही सकाळी आली. समुपदेशक तिच्याशी तासभर बोलायची आणि मग दुसऱ्या मुलांसाठी जिन्याखाली जाऊन बसायची. मुलगी माझ्या गठ्ठ्यांमध्येच मागे राहायची, सभागृहातल्या गर्दीत जायला ती धजत नव्हती. तिला एक कागद दिला होता. त्यावर उठले, अंघोळ केली, जेवले, एक पान वाचलं, एवढंच रोज लिहायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा काय पोरखेळ आहे? पण तिने दिवसभरात एकच पान वाचलं होतं आणि तेवढ्याने ती दमून गेली होती, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी चार पानं झाली. तिसऱ्या दिवशी आख्खा धडा. मध्येच उठून ती माझे सुटलेले गठ्ठे बांधायला लागली.

“अशी गाठ मारलीस तर उद्या सगळं माझ्या डोक्यावर येईल,” मी म्हटलं आणि सोडून पुन्हा बांधून दाखवलं.

तिने तशी बांधली. मग खाली बघतच म्हणाली, “गेल्या वर्षी मी पेपरला बसलेच नाही. वर्गाच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले. यंदा नाही बसले तर बाबा घरी नेणार. आणि घरी गेले ना, की मी पुन्हा उठणार नाही. मला माहितीय.”

“बसशील,” मी म्हटलं. बाहेर सभागृहात वक्ता माइकवर ओरडत होता, पडलात तर उठा, पुन्हा पडलात तर पुन्हा उठा. लोक टाळ्या वाजवत होते.

कार्यशाळा संपली. यंत्रातून गैरहजर मुलांचे सतरा आसन क्रमांक निघाले. मी यादी केली, सतरा तिकिटं बाजूला काढली, प्रत्येकावर ‘अडवले’ असा शिक्का मारला आणि यादी प्राचार्यांकडे पाठवली. एकोणतीस वर्षांत माझी एक यादी परत आली नाही, याचा मला फार गर्व.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी खिडकीशी आली आणि तिने क्रमांक सांगितला. मी गठ्ठा चाळला, मग बाजूचा गठ्ठा चाळला, आणि तिकीट सापडलं ते अडवलेल्या सतरांत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. तीन दिवस माझ्यासमोर बसलेल्या मुलीला मीच गैरहजर लिहिलं होतं. ती माझ्याकडे आहे म्हणजे तिचा अंगठा यंत्रावर नाही, हे मला सुचलंच नव्हतं.

तिने शिक्का वाचला. रडली नाही की भांडली नाही. “राहू दे, बाई,” एवढंच म्हणाली आणि वळली. त्या ‘राहू दे’ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं, समुपदेशकाला बोलावलं आणि थेट प्राचार्यांसमोर जाऊन उभी राहिले.

“सवलत आहे की,” ते म्हणाले. “कारण लेखी द्यायचं, समुपदेशकाचं पत्र जोडायचं, पालकांची सही आणायची. समितीपुढे ठेवू.”

“सर, तिच्या घरी माहीत नाही ती समुपदेशनाला येते ते. पत्र गेलं की तिचा बाप तिला त्याच दिवशी उचलून नेईल.”

“मग आपण काय करणार? अंगठा नाही म्हणजे हजेरी नाही.”

“अंगठा कुठून असणार? तिची खोली तुम्ही चहाला घेतलीत. ती माझ्याकडे बसली होती.”

“बाई, भावनेच्या भरात नियम मोडता येत नाहीत. मुलांनी थोडं खंबीर व्हायला हवं. तेच तर शिकवलं आपण.”

“ती तीन दिवस तेच शिकत होती, सर. आपली आपण उठत होती. उठलेल्याला पाडायचं काम आपण केलं. तुम्ही आणि मी.”

प्राचार्य चष्मा पुसायला लागले. त्यांना काही वाटत नव्हतं असं नाही. पण वाटणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत जिथे पडलेली असते, तिथे कोणी फारसं वाईट नसतं. सगळे आपापला नियम पाळत असतात. याचाच मला जास्त संताप येतो.

समितीशिवाय यादी बदलायचा एकच रस्ता होता. चूक लेखनिकाची, म्हणजे माझी, असेल तर लेखनिकाने तसं लिहून द्यायचं. तिकीट सुटतं आणि लेखनिकाच्या सेवापुस्तकात शेरा पडतो. मी जागेवर येऊन कागद ओढला. ‘यादी करताना निष्काळजीपणामुळे एक क्रमांक माझ्याकडून चुकीने समाविष्ट झाला.’

“बाई, नका हो,” समुपदेशक म्हणाली. “हे खोटं आहे.”

“खोटं कसलं? माझ्या खोलीत बसवलं कोणी आणि गैरहजर लिहिलं कोणी?” मी सही ठोकली. “आणि तिला यातलं काही सांगायचं नाही. माझ्यामुळे कोणाला तरी शेरा मिळाला, हे ओझं डोक्यावर घेऊन पेपर लिहायला बसवणार आहेस का तिला?”

संध्याकाळी घरी हे म्हणाले, “निवृत्तीला चार महिने राहिलेत. आता कशाला हात दाखवून अवलक्षण?” मी भांडी आपटली. त्यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मग म्हणाले, “मुलगी बसेल ना पण पेपरला?”

“मला काय माहीत,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

मंजुरी यायला दोन दिवस गेले. पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला खिडकीशी बोलावलं. मागे रांग होती.

“यादीत माझ्याकडून चूक झाली होती. हे तुझं तिकीट.”

तिने तिकीट हातात घेतलं. मग तिचे कान लाल झाले.

“चूक? मी दोन दिवस धड जेवले नाहीये, बाई. तुम्हाला माहीत होतं मी कुठे होते. तुमच्यासमोर बसले होते मी. एकदा तरी विचारायचं होतं ना, अगं, तुझा क्रमांक कोणता? बाकीच्यांना ओरडता तेवढं स्वतःचं काम नीट करता येत नाही का?”

रांगेतल्या माना वर झाल्या. माझ्याशी ह्या आवाजात इथे कोणी बोलत नाही. सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं, अगदी टोकाशी आलं. ज्या पोरीने परवा ‘राहू दे’ म्हणून पाठ फिरवली होती, तीच आता मला उभी सोलत होती. मला वाईट वाटलं. फार बरंही वाटलं.

“बरोबर आहे तुझं,” मी म्हटलं. “इथे सही कर.”

तिने सही केली. तिकीट खिडकीशीच उभी राहून तपासलं, क्रमांक, विषय, तारखा, वेळा, एकेक बोट ठेवून. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. आभार न मानता गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला पेपर सुरू झाला आणि साडेदहाला वर्गांतले हजेरीचे कागद माझ्या टेबलावर आले. मी आधी तिचा क्रमांक शोधला. त्यापुढे सही होती.

मग मी यादीतले बाकीचे सोळा क्रमांक लावून पाहिले. अकरा जणांनी आईवडिलांना आणून, ताप होता, प्रवासात होतो, अशी पत्रं देऊन तिकिटं सोडवली होती. त्यांच्या सह्या होत्या. पाच ठिकाणी गैरहजेरीची तांबडी आडवी रेघ होती. हे पाच जण खिडकीशी विचारायलाही आले नव्हते. ज्यांच्यात विचारायला येण्याचंच बळ नव्हतं, त्यांच्यासाठी कार्यशाळा भरवली होती आणि तिला आले नाहीत म्हणून त्यांनाच आम्ही दाराबाहेर ठेवलं होतं. शिक्के मी मारले होते, एकामागून एक, नाव न वाचता.

पुढचे पेपर अजून व्हायचे होते. मी त्यांचे परीक्षेचे अर्ज काढले. पाचही नावं एका कागदावर लिहिली आणि फोन जवळ ओढला. पहिल्याने उचलला नाही. मी दुसऱ्याचा नंबर लावला.