निळ्या जिभा

तीस तलंगांचं रक्त, तीस शून्यं. योरीनने कागद उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला खरा निकाल लिहिला असेल. मागे काही नव्हतं. लसीने रक्तात तयार व्हायला हवी ती प्रतिपिंडं एकाही कोवळ्या कोंबडीत नव्हती. तपासणी दोनदा झाली होती, दुसऱ्यांदा तर तिने स्वतः केली होती, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कुणावर ओरडायचीही सोय उरली नव्हती.

नऊ वर्षं. कोंबड्यांच्या श्वासनलिकेत शिरणाऱ्या एका विषाणूच्या मागे तिने आयुष्याची नऊ वर्षं घातली होती. हा विषाणू भारी लबाड. पिल्लू चार दिवस शिंकतं, बरं होतं, छान वाढतं, आणि अंडी घालायच्या वयात येऊन नुसतं खात बसतं. तुरा लाल, पिसं चकचकीत, अंडं मात्र एक नाही. आत अंडनलिकाच सडलेली असते. योरीनची लस पाण्यातून एकदा पाजली की झालं, असा तिचा दावा होता. संस्थेतल्या पिंजऱ्यांत तो खरा ठरला होता. मग तीन शेतांवर चाचणी झाली. दोन शेतांवर लस उत्तम लागू पडली. तिसऱ्या, बार्नेवेल्ड गावाजवळच्या एव्हर्टच्या शेतावर, ही तीस शून्यं.

आणि मंजुरीची अट अशी की तीनपैकी तीन. दोन चालणार नव्हती.

"गुरुवारी बैठक आहे," विभागप्रमुख सिब्रांड जेवणाच्या टेबलावर म्हणाला. त्याच्यापुढे रोजचंच ताट, पाव, चीज आणि ताकाचा पेला. "तिसऱ्या शेताचं काय सांगणार आहेस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हटलंस तर फाईल कपाटात जाईल. कपाटातून परत आलेली फाईल मी तरी अजून पाहिली नाही."

"लस तीच, बाटली त्याच खेपेतली, बर्फाची पेटी तीच. पाजणारी मी. मग तिथेच काय धाड भरली?"

"कोंबड्यांना विचार," सिब्रांड ताक पीत म्हणाला. योरीनला ताकाचा पेला त्याच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. पण त्याचं चुकत नव्हतं, आणि हेच जास्त संतापजनक होतं.

त्या दुपारी तिने खरंच कोंबड्यांना विचारलं, म्हणजे लसीच्या दिवशीचे त्यांचे फोटो उघडून बसली. लसीच्या पाण्यात निळा रंग घालतात. पिल्लांनी पाणी प्यायलं की जिभा निळ्या होतात. मग शंभर पिल्लं पकडायची, चोच उघडायची, जीभ निळी असेल तर ते पिल्लू लस प्यायलं असं धरायचं. एव्हर्टच्या शेडमध्ये शंभरातली शहाण्णव प्यायली होती. त्या दिवशी ती केवढी खूश झाली होती!

आता तिने तिन्ही शेतांचे फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्या दोन शेतांवरच्या जिभा दौतीत बुडवल्यासारख्या गडद होत्या. एव्हर्टकडच्या निळ्याच, पण शंभरदा धुतलेल्या शाळेच्या सदऱ्यासारख्या फिक्या. तिने डोळे चोळले, पडद्याचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. फिक्या त्या फिक्याच.

कशाने तरी पाण्यातला रंग उडाला होता. जे रंग मारतं ते लसही मारतं. तिने गाडीची किल्ली उचलली.

एव्हर्ट दारातच भेटला. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडची अठरा हजार तलंगांची खेप याच रोगाने वांझ निघाली होती, म्हणून तर तो चाचणीला तयार झाला होता. आता त्याच्या कपाळावर आठ्यांचं जाळं होतं.

"या डॉक्टर. आणखी पाणी आणलंय का पाजायला? आमच्याकडे नळाला चांगलं येतं, उगीच तुम्हाला त्रास."

"एव्हर्ट, मला पुन्हा एकदा सगळं बघायचंय."

"बघा की. तुमच्या लसीपायी चर्चच्या आवारात लोक मला विचारतात, काय एव्हर्ट, कोंबड्यांना रंगपाणी पाजलंस म्हणे? मी काय सांगू त्यांना?"

बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून ती अंघोळ करून, शेडचे कपडे आणि बूट चढवून आत गेली. पाण्याचे निपल पाहिले, नळ्या पाहिल्या, मात्रा सोडणारा पंप पाहिला. पाण्यात जंतुनाशक सोडणारा हा पंप लसीच्या आधी तीन दिवस बंद ठेवायचा असतो. एव्हर्टच्या वहीत बंद केल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली होती, मिनिटासकट. या माणसाच्या वहीत बोट ठेवायला जागा नव्हती. पुन्हा अंघोळ करून ती बाहेर आली, तेव्हा तिने हात टेकले होते.

स्वयंपाकघरात एव्हर्टच्या बायकोने, हर्मिनाने, कॉफी ठेवली होती. बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकाला एकेक मिळालं, डबा बंद झाला.

"काही सापडलं का हो?" हर्मिनाने विचारलं.

"नाही. सगळं जागच्या जागी. टाकीसुद्धा..." योरीन थांबली. शेडमधली लसीची टाकी आज तिने पाहिली होती. वापर नसल्याने आतून शेवाळलेली, कडेला बुळबुळीत थर. लसीच्या दिवशी मात्र ती लखलखत होती. इतकी, की योरीनने आपल्या टिपणात लिहिलं होतं, 'टाकी आदर्श'. "हर्मिना, त्या दिवशी टाकी किती स्वच्छ होती!"

हर्मिनाचा चेहरा फुलला. "होती ना? अहो, पंप बंद केला आणि तीन दिवसांत इतकं घाण झालं म्हणून सांगू! म्हटलं, संस्थेतून माणसं येणार, झाकण उघडणार आणि हे बघणार? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पहाटे उठले, टाकी घासली, आणि नळ्यांमधून ते सोडलं, आपलं नेहमीचं. चांगलं दुप्पट सोडलं. दहा वाजता तुम्ही आलात तेव्हा कसं झालं होतं सगळं!"

हर्मिनाने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग योरीनकडे, आणि तिचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

"तू?" एव्हर्ट म्हणाला. "मी तीन दिवस पंपाकडे फिरकलो नाही, आणि तू पहाटे उठून..."

"घरात पाहुणे येणार होते, एव्हर्ट!"

"पाहुणे? लस पाजणारे म्हणजे पाहुणे? अख्ख्या शेडची माती केलीस!"

"मला कुणी सांगितलं होतं? तुझी वही तुझ्यापाशी! मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. खोटं कशाला बोलेन मी?"

एव्हर्टने खुर्ची योरीनकडे वळवली. "खरंच की. तुमच्या फॉर्मवर प्रश्न असतो ना डॉक्टर? तीन दिवसांत पाण्यात काही घातलं का? विचारलात तुम्ही?"

प्रश्न होता. सातवा प्रश्न. शेडमध्ये, टाकीशी उभं राहून, घरातल्या प्रत्येकाला विचारायचा. तिने एव्हर्टला आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं. तेवढ्यावर, याच टेबलाशी, असंच बिस्किट खात, तिने 'नाही'वर खूण केली होती. टाकी इतकी लखलखीत होती की हर्मिनासमोर पाण्याबद्दल विचारणं तिला अपमान केल्यासारखं वाटलं होतं. तिची स्वतःची आई गुरांचा डॉक्टर येणार म्हटलं की गोठ्याच्या खिडक्या पुसायची. दुसऱ्या कुणाला नाही, निदान तिला तरी कळायला हवं होतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने गाडीत एकटीने भरपूर शिव्या दिल्या. हर्मिनाला, तिच्या फडक्याला, आपल्या आईला, देशभरातल्या पुसलेल्या खिडक्यांना. मग शिव्या संपल्या आणि फक्त स्वतःची खूण उरली.

गुरुवारी बैठकीच्या आधी सिब्रांडने तिला खोलीत बोलावलं. तो खुशीत होता.

"अगं, सुटलीस की! जंतुनाशक. म्हणजे लस निर्दोष. तिसरं शेत बाद करायचं आणि नव्याने घ्यायचं, एवढंच." त्याने फॉर्म पुढे ओढला. "आता हा सातवा प्रश्न. तू विचारलंस, ती बाई 'नाही' म्हणाली, म्हणून तू 'नाही' लिहिलंस. बरोबर?"

योरीनने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलायला सांगत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. नुसती मान हलवली की झालं. हर्मिनाला हे कधी कळणारही नव्हतं. अहवालात एवढंच आलं असतं की शेतकऱ्याच्या बायकोने माहिती लपवली. एव्हर्टला त्याची प्रत गेली असती. त्या घरात बिस्किटाच्या डब्याशी बसून त्याने ती मोठ्याने वाचली असती.

"नाही," ती म्हणाली. "मी तिला विचारलंच नाही. न विचारता खूण केली."

सिब्रांडने चष्मा काढला. "योरीन, तुला कळतंय ना? न विचारता खूण म्हणजे निरीक्षकाची चूक. मग पुन्हा चाचणी होईल, पण तू शेतावर जाऊ शकणार नाहीस. मंजुरीच्या अर्जावरही जबाबदार म्हणून तुझं नाव राहणार नाही. तुझ्या हाताखालच्या टाइमनचं जाईल."

"टाइमनला येऊन दोन वर्षं झालीत."

"हो. आणि त्याने अजून एकही खोटी खूण केलेली नाही."

"कळतंय मला!" ती ओरडली. "कळत नसतं तर एवढी चिडले असते का?"

पण लिहायचं ते तिने लिहिलं. स्वतःच्या हाताने, खाली सही करून.

फेरचाचणी मार्चमध्ये झाली, त्याच शेडमध्ये, नव्या पिल्लांवर. योरीन संस्थेतच बसून होती. जीव मात्र टांगणीला लागला होता, आणि टाइमनला फोन करायचा नाही असं तिने स्वतःला तीनदा बजावलं होतं. साडेअकराला त्याचाच फोन आला.

"योरीन, सातवा प्रश्न विचारला बरं का. नवऱ्याला विचारला, आणि बाईंना फोनवर."

"फोनवर का?"

"त्या बहिणीकडे गेल्यात. म्हणाल्या, टाकी तशी असताना घरात परकी माणसं, माझ्याच्याने बघवणार नाही. आणि खरंच गं, टाकी कसली घाण आहे! मी आजवर इतकी..."

"जिभा," योरीन म्हणाली. "टाइमन, जिभा सांग."

"पाठवतो. आणि हो, तुझ्यासाठी एक पुडी दिलीय एव्हर्टने. बायकोने ठेवलीय म्हणाला. बिस्किटं आहेत. दोन."

फोटो आला. चोच उघडलेली, आणि आत दौतीत बुडवल्यासारखी गडद निळी जीभ. योरीनचे डोळे भरून आले. नऊ वर्षं याच रंगासाठी घातली होती. तिला आनंद झाला, अगदी खरा, आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की तिने टेबलावर मूठ आपटली.

मग तिने फोटो मोठा करून नीट पाहिला. पिल्लाची चोच ज्याने उघडून धरली होती, तो हात टाइमनचा होता.