माल धरेपर्यंत

फरशी पोकळ बसली की ती बोलते. वरून कितीही चकचकीत दिसू दे, लाकडी दांड्यानं टकटक केलं की खालची पोकळी लगेच चहाडी करते. मिस्त्रीचं सगळं आयुष्य ही चहाडी ऐकण्यात गेलं. लोकांच्या घरांत गुडघे टेकून तो इंचाइंचानं पुढे सरकायचा, आणि जिथं आवाज बदलेल तिथं थांबून स्वतःलाच एक शिवी हासडायचा. अशा या माणसाच्या उजव्या गुडघ्यातच पोकळी झाली, तेव्हा मात्र त्याला म्हणे काही ऐकू आलं नाही. खोटं! गुडघा असा करकर वाजायचा की जिन्यात त्याची बायको आवाजावरून ओळखायची, आले म्हणून. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर कोण काय करणार?

शेवटी बायकोनं धरून नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"मधली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलून टाकू."

"बदलल्यावर गुडघे टेकून काम करता येईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चालाल. जिने चढाल. शांत झोप लागेल. पण फरशीचं काम विसरा. नव्या सांध्यावर दिवसभर गुडघे टेकायचे नसतात."

"मग बदलायचा कशाला?" असं म्हणून मिस्त्री ताडकन उठायला गेला. ताडकन कसला, टेबल धरून उठावं लागलं, आणि ते डॉक्टरांनीही पाहिलं, बायकोनंही पाहिलं.

त्याच्या हट्टाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे त्याची लेक. तिचं नवं घर उभं राहिलं होतं. भिंती झाल्या, छत झालं, रंगसुद्धा झाला. राहिली होती फक्त फरशी. कारण घराचा पाया खणला त्याच दिवशी मिस्त्रीनं चारचौघांत सांगून टाकलं होतं, "माझ्या मुलीच्या घरातल्या फरशीला दुसऱ्याचा हात लागला तर मी माझी थापी विहिरीत टाकीन." लेक बापावर गेलेली. तिनं ते शब्द धरून ठेवले आणि तान्ह्या मुलीला घेऊन उघड्या काँक्रीटवरच संसार मांडला. झाडावं तितकी धूळ. जावई शिंकून शिंकून बेजार. ती म्हणायची, "बाबा येतील, थांबा जरा." आणि मिस्त्री नातीच्या पाळण्याशी वाकून सांगायचा, "ए ठकूबाई, तू पहिल्यांदा रांगशील ती माझ्या फरशीवर हं!"

तर ठकूबाई रांगायच्या आत त्याला गुडघे टेकता यायला हवे होते. बाकी जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

इंजेक्शनवाल्या डॉक्टरांचा पत्ता त्याला कुणीतरी दिला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक मोठं चित्र लावलं होतं. पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ डबक्यावरून उडी मारतोय, तोंडभर हसतोय. मिस्त्री त्या चित्राकडे बघत बसला. आता त्या डॉक्टरांना बोल लावायचा तर तसंही करता येत नाही, कारण माणूस सरळ होता.

"तुमच्याच कमरेच्या हाडातला थोडा मगज काढायचा," डॉक्टर म्हणाले. "त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि सुईनं गुडघ्यात सोडायच्या. कापाकापी नाही. पण स्पष्ट सांगतो, तुमचा गुडघा फार पुढे गेलाय. कुणाला बरं वाटतं, कुणाला काहीच फरक पडत नाही. झिजलेली गादी परत उगवेल असं मी म्हणत नाही. त्याचा भरवसा आज कुणीच देऊ शकत नाही."

मिस्त्रीनं सुईपर्यंतचं ऐकलं. पुढचं त्याच्या कानावरून गेलं, कारण त्याचं डोकं तेव्हा एका दुकानाच्या फरशीवर जाऊन पोचलं होतं. तिथं एक मोठी फरशी पोकळ वाजत होती. उखडावी तर शेजारच्या चार फुटणार. म्हणून त्यानं सांध्यात बारीक भोक पाडून सिमेंटचा पातळ घोळ आत सोडला होता. पोकळी भरली, आवाज गेला, उखडाउखडी नाही. म्हणजे हे तर आपलंच काम की! डॉक्टर त्याला एकदम आपल्याच धंद्यातले वाटायला लागले.

इंजेक्शन झाल्यावर डॉक्टरांनी सूचना दिल्या. थोडे दिवस जपा, मग रोज चालत जा, व्यायामवाल्या बाई शिकवतील तसे मांडीचे व्यायाम करा, गुडघा वाकवत राहा, आखडू देऊ नका. बायको तेव्हा औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होती. मिस्त्रीनं नंदीबैलासारखी मान डोलावली आणि मनात म्हणाला, या बिचाऱ्यानं कधी सिमेंटचा माल कालवलेला दिसत नाही. ताजा माल आत असताना वर कुणी पाय देतं का? घोळ सुकून धरेपर्यंत फरशीला धक्का लागता कामा नये, हे कालचं पोरसुद्धा सांगेल. त्या दुकानात तर त्यानं भोवती विटा लावून वर फळी टाकली होती, आणि खुद्द मालक त्यावरून जायला लागला तेव्हा त्यालाही झापलं होतं.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"अजिबात हलवायचा नाही म्हणाले."

आता या माणसाला काय म्हणावं! खोटं बोलतोय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. त्याच्या लेखी त्यानं डॉक्टरांची चूक दुरुस्त केली होती.

घरी खिडकीपाशी खुर्ची लागली. समोर स्टूल, त्यावर फळी, फळीवर उशी, उशीवर पाय. पायाला राजेशाही आली. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, अंघोळीला जायचं तर बायकोच्या खांद्यावर भार टाकून, पाय लाकडासारखा सरळ धरून. ती बिचारी डोळ्यांत तेल घालून जपत होती. एकदा उशी नीट करताना हसून म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ पाणी पण मारू का यावर? म्हणजे पक्का होईल." मिस्त्री हसला नाही. क्षणभर त्याला ते पटलं होतं.

आणि दुखणं थांबलं. थांबणारच हो! न वापरलेला दरवाजा कुठं कुरकुरतो? पण मिस्त्रीला वाटलं, धरतोय. आत माल धरतोय. त्यानं थापी घासूनपुसून लख्ख केली, रबरी हातोडा मांडीवर घेऊन बसायला लागला. दवाखान्यातून व्यायामवाल्या बाईंचा फोन आला की तो गोड आवाजात सांगायचा, "चालू आहे, बाई, सगळं चालू आहे."

लेक मधूनमधून येत होती. एका रविवारी आल्या आल्या तिनं पोरीला जमिनीवर सोडलं. ठकूबाई भराभर रांगत आजोबांच्या स्टुलाकडे निघाली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर बापाच्या जुन्या मोज्यांचे तुकडे चढवलेले होते.

"हे काय?" मिस्त्रीनं विचारलं.

"काँक्रीटवर सोलवटतात," लेक म्हणाली. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. "बाबा, अजून किती दिवस? हे रोज विचारतात. मी भांडून थांबवलंय त्यांना."

"धरत आलाय. जरासाच राहिलाय. एवढी कळ काढलीस, आणखी थोडी काढ."

"काढते," ती म्हणाली. पोरीला उचलताना तिनं मोज्याचा एक तुकडा वर सरकवला, तेव्हा मिस्त्रीला खालची लाल झालेली कातडी दिसली. त्या दिवशी त्यानं पाय आणखीच घट्ट धरून ठेवला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पँट वर करायला सांगितली आणि दोन्ही मांड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. उजवी मांडी डावीच्या निम्मी झाली होती. त्यांनी टाच धरून गुडघा वाकवायचा प्रयत्न केला. तो थोडासा वाकला आणि अडला. मिस्त्री इतक्या जोरानं ओरडला की बाहेरची नर्स दारात आली.

"व्यायाम?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्यायाम कसला?" बायको म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, हलवायचा नाही म्हणून? मी पाय इकडचा तिकडं होऊ दिला नाही."

डॉक्टर मिस्त्रीकडे बघायला लागले. बायकोही बघायला लागली. मिस्त्रीनं माल, घोळ, फळी, दुकान, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते ऐकू यायला लागलं, आणि आवाज बारीक होत गेला.

"आत काही सिमेंट नव्हतं हो," डॉक्टर हळूच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"व्यायाम केला असता तर बरा झाला असता?"

"माहीत नाही. तुमच्या गुडघ्याची अवस्था बघता कदाचित तरीही काही झालं नसतं. पण निदान आखडला नसता. आता आधी हा मोकळा करायला मेहनत घ्यावी लागेल, तीसुद्धा फक्त चालण्यापुरती. गुडघे टेकायचं डोक्यातून काढा."

बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रीला चाललं असतं. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "मला वाटत होतं मी तुमची सेवा करतेय. मी तुमचा पाय घालवत होते. माझ्या हातानं करवून घेतलंत तुम्ही हे." मग तिनं डोळे पुसले आणि उतरताना त्याला आधार द्यायला हात पुढे केला. तो हात धरताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीला फोन त्यानंच केला. "दुसरा मिस्त्री बघ," एवढंच म्हणाला.

 "बरं, बाबा," ती म्हणाली. का, कसं, काही विचारलं नाही. मिस्त्रीला कळायचं ते कळलं. कुणाला बोलवायचं ते तिथं केव्हाच ठरलेलं होतं.

फरशी झाल्यावर लेकीनं आग्रहानं बोलावलं. मिस्त्री काठी टेकत, पाय ओढत गेला. दारातच त्यानं काठीचं टोक पहिल्या फरशीवर आपटलं. टक. मग दुसरीवर. जावई म्हणाला, "बसा ना, बाबा." पण मिस्त्री बसला नाही. भिंतीच्या कडेनं, उंबऱ्याशी, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, जिथं आळशी माणूस हमखास माल कमी घालतो, तिथं तिथं त्यानं काठी वाजवली. लेक मागोमाग फिरत होती. एक तरी पोकळ निघू दे, असं त्याच्या मनात चाललं होतं. एक निघाली असती तरी आज रात्री त्याला जेवण गेलं असतं. सगळं घर झालं. एकही निघाली नाही.

"चांगली बसवलीय," तो म्हणाला. खरं होतं ते.

त्याला खुर्ची दिली. उजवा पाय वाकेना म्हणून समोर सरळ राहिला, टाच नव्या फरशीवर.  तेवढ्यात ठकूबाई आतल्या खोलीतून रांगत आली. मोजे नव्हते, गुडघे बरे झाले होते. गुळगुळीत जमिनीवर ती सरसर घसरत थेट आजोबांपाशी आली. त्यांची नडगी धरली, मग वर चढत गुडघ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, आणि हेलकावे खात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"अगं बाई! उभी राहिली!" बायको ओरडली. जावई फोन शोधायला धावला. मिस्त्रीच्या गुडघ्यात कळ उठली, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"हलू नका, बाबा!" लेक ओरडली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तुम्ही अजिबात हलू नका!"

आणि मिस्त्री हलला नाही. ते त्याला आता चांगलं येत होतं.

थोड्या वेळानं पोरीनं हात सोडले, धपकन खाली बसली आणि सरसर रांगत आईकडे निघून गेली. लेकीनं तिला उचलून मुके घेतले, मग वळून म्हणाली, "आता हलवा हं पाय, बाबा. अवघडला असेल."

"हलवतो," मिस्त्री म्हणाला आणि फरशीकडे बघत बसून राहिला.