शून्याच्या खांबाला दार

शेवटी आई मावशीकडून परत आली, आणि त्याच दुपारी साहेबांचा केसांचा टोप खिडकीतून उडून गेला. वारा मोजणी कार्यालयाच्या मते यातलं काहीही घडलेलं नाही. मी तिथेच नोकरीला असल्यामुळे माझंही मत तेच आहे. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

आमच्या कार्यालयात वारा येत नाही, वाऱ्याचे आकडे येतात. मी लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट ते आकडे घेते आणि वेबपेजवर आलेखाचं चित्र काढते. प्रत्येक तासाला एक निळा खांब. वारा जितका जास्त, तितका खांब उंच. साहेबांच्या मनात आलं, खांबावर क्लिक केलं की त्या तासाची माहिती उघडावी. पण चित्र ते चित्र. त्याला काय कळतं, कुठे खांब आणि कुठे कोरी जागा? म्हणून त्यावर एक न दिसणारा नकाशा अंथरायचा. खांबाचा वरचा डावा कोपरा, खालचा उजवा कोपरा, मधल्या चौकोनाला लिंक. थोडक्यात, प्रत्येक खांबाला एक दार. कोपरे स्क्रिप्टच मोजते, कारण खांब तिनेच उभे केलेले असतात. पहिल्या दिवशी मी खालून मोजलं आणि ब्राउझर मोजतो वरून. सगळी दारं आभाळात लटकली. साहेब दिवसभर खांबांना टोचत बसले. कोऱ्या जागेवर क्लिक करा म्हटलं, तर त्यांना तो अपमान वाटला.

दारं खाली उतरवली त्याच आठवड्यात आई रुसून मावशीकडे गेली. भांडण जुनंच. लग्नाआधी एकदा आईची छत्री उडाली होती. बाबा तेव्हा याच कार्यालयात वारा वाचायचे, म्हणजे दर तासाला यंत्रावरचा आकडा वहीत लिहायचे. बाबा म्हणतात, मी वारं प्यायलेल्या वासरासारखा धावलो आणि छत्री पकडली. आई म्हणते, वारा पडला, छत्री पडली, तुम्ही नुसती उचलून दिलीत. या वेळी ती हे पाहुण्यांसमोर म्हणाली. बाबा तिला खोटारडी म्हणाले. तिने बॅग भरली. "खरं कबूल कराल, त्या दिवशी येईन."

मग बाबा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"चिमणे, ती दुपार उघड. मला चहात साखर किती लागते, हे तिलाच माहीत आहे गं."

जुने आकडेही चढवून झाले होते. आईला फोन लावला, स्पीकर चालू केला, तो तास शोधला. तिथे खांबच नव्हता.

"काय दिसतंय?" आईने विचारलं.

"शून्य."

"बघा! वारा पडलाच होता. अहो, ऐकताय ना?"

बाबांनी फोनवर हात ठेवला. "शून्य म्हणजे वारा नव्हता असं नाही," ते पुटपुटले. "खुर्चीत कुणी नसलं की शून्य लिहायचं, अशी आमची पद्धत होती."

"मग तुम्ही होतात कुठे?"

"इतकी वर्षं काय सांगतोय मी? धावत होतो."

शून्य उंचीच्या खांबाचं दारही शून्य उंचीचं. त्यातून मुंगीसुद्धा जाणार नाही. मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: खांब नसेल, तर दार चित्राइतकं उंच. कोऱ्या जागेवर माऊसचा बाण नेला. बाणाचा हात झाला. बाबांनी क्लिक केलं.

रिकामं पान उघडेल असं मला वाटलं होतं. रिकामंच उघडलं, फक्त त्यातून वारा आला. कोमट, कापलेल्या गवताचा वास असलेला. पडदे फुगून छताला टेकले. प्रिंटरने झोपेत कूस बदलावी तसा एक कागद सोडला. साहेबांच्या टोपाने टेबलाला एक फेरी मारली आणि रीतसर खिडकीतून रजा घेतली.

"अगं, इथे काय वारा सुटलाय!" फोनमधून आई ओरडली. "गॅलरीत वाळत टाकलेली छत्री... गेली!"

"आणि?"

"खाली कुणीतरी धावतंय तिच्यामागे. काडीसारखा. कानावर पेन्सिल. बुटाची नाडी सुटलीय मेल्याची. पडेल ना!"

"पडलो होतो," बाबा म्हणाले. "मग उठलो."



"अहो," आई हळूच म्हणाली, "एवढं धावता यायचं तुम्हाला?"

"तेवढंच एकदा."

साहेब डोक्यावर फाईल धरून आले. "शून्याला दार नसतं. ती ओळ काढा. आणि इथे काही घडलेलं नाही."

ओळ मी काढली. सोबत अर्ज जोडला:

मा. वारा मोजणी अधिकारी यांस. सदर तासाची 'शून्य' ही नोंद रद्द करून तेथे 'वारा भरपूर, वाचक धावत' अशी नोंद घ्यावी. खांबाची उंची छत्री जिथवर गेली तिथवर ठेवावी. चित्रात मावत नसल्यास भिंत पाडावी. तसेच संबंधित वाचक खुर्चीत नसला तरी वाऱ्याच्याच मागे असल्याने त्या तासापुरते त्यास कामावर हजर समजावे, ही नम्र विनंती.