माझा खर्ज कुणी खोडला?

तुम्ही माझा तळ खोडलात. लाल शाईने, एका फटकाऱ्यात. अनाथालयाचे विश्वस्त म्हणवता, मखमली खुर्चीत बसता, आणि माझ्यातला सर्वांत खोल आवाज तुम्हाला अशोभनीय वाटला!

मित्रांनो, मी एक जुने पश्चात्तापाचे स्तोत्र आहे. व्हेनिसमधल्या अनाथ मुलींच्या घरात माझा जन्म झाला. शब्द फार प्राचीन. खोल गर्तेत पडलेला माणूस देवाला हाक मारतो, एवढीच माझी गोष्ट. सूर मात्र फादर झक्करिया यांनी बांधले. गाणाऱ्या साऱ्या मुली. वरचे आवाज हवे तेवढे, पण गर्तेतून हाक मारायला खर्ज कुठून आणायचा?

एके सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालव्यावर गर्जना झाली.

"ए तोनी! परत ओली लाकडं आणलीस तर तुलाच चुलीत घालीन!"

"घाला की ताई!" नाववाला खालून ओरडला. मग चपापून म्हणाला, "ताईच ना? की दादा?"

फादर धावत आत आले. "कोण ओरडलं?"

"मी, फादर. चुकलं." पोलेंटा, म्हणजे मक्याची घट्ट पेज, घोटायचे दांडके हातात धरून मेनेगा उभी होती.

"चुकलं नाही, पोरी. पुन्हा ओरड. पण सुरात."

तिच्यासाठीच माझी पहिली ओळ लिहिली गेली. आधी एकटा खर्ज. मग त्यावर पाय ठेवून बाकीचे आवाज एकेक करून वर चढतात.

त्या घरातल्या मुलींना आडनाव नसते. भिंतीतल्या कोनाड्यात कुणीतरी ठेवून गेलेल्या बाळाला कसले आडनाव? जी जे गाते, वाजवते, तेच तिचे आडनाव. चेलो, म्हणजे मोठे खर्जातले व्हायोलिन, वाजवणारी ती झानेत्ता चेलोवाली. मेनेगा खर्जवाली. बापाने जे दिले नाही ते मी दिले. याचा मला गर्व आहे. पश्चात्तापाच्या स्तोत्राला गर्व शोभत नाही असे कुणाला वाटत असेल, तर खुशाल वाटू दे.

दर राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मला गात. मुली वर, लोखंडी जाळीआड. लोक खाली, कपाळावर राख लावून. चर्चमध्ये टाळ्या वाजवायला बंदी, म्हणून लोक खोकून आणि पाय घासून दाद देत. मेनेगाची ओळ संपली की कल्लोळ उठे.

"तुझ्यामुळं अख्ख्या शहराला डांग्या खोकला झालाय गं!" झानेत्ता तिला चिडवी.

अशी कितीतरी वर्षे गेली. मेनेगाचे केस पिकले, खर्ज मात्र आणखी खोल गेला. मग एक परदेशी पाहुणा हसला. म्हणाला, "जाळीआड बाप्या लपवलाय वाटतं!" 'ती आमची मेनेगा आहे,' एवढे तरी तुम्ही ताठ मानेने सांगायचे. तुम्हालाच लाज वाटली! हुकूम निघाला: बाईने खर्ज गाऊ नये, ती ओळ चेलोवर वाजवावी. मेनेगाला लेस विणायला बसवले. आता ती नुसती मेनेगा. त्या घरात आणखीही मेनेगा होत्या, म्हणून हिला 'ती म्हातारी' म्हणू लागले.

पुढचा राखेचा बुधवार आला. गाणे शिकवणाऱ्या आंद्रियानाबाईंनी हात उचलला. झानेत्ताने गज मांडीवर ठेवला.

"वाजव!" तुम्ही जाळीपाशी येऊन दात खाल्लेत.

"ही ओळ माझी नाही, साहेब. मी चेलोवाली. ही खर्जवालीची."

"मग बाकीच्यांनी गा!"

आंद्रियानाबाई वळल्यासुद्धा नाहीत. "कशावर उभं राहून गायचं, साहेब?"

कुणीच गायले नाही. मग खाली एक म्हातारा खोकला. मग दुसरी कुणी बाई. पाय घासू लागले. बघता बघता सगळे चर्च खोकू लागले. एकही सूर न लागता मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद! भिंतीपलीकडे लेस विणणाऱ्या मेनेगाची सुई थांबली.

त्याच दिवशी तुम्ही मला कपाटात कोंडलेत.

मित्रांनो, जुन्या गाण्यांना वाळवीपासून जपा, असे मी सांगायला हवे. नाही सांगणार. कागद नंतर जपा. आधी गाणाऱ्या माणसांना जपा.

आणि तुम्ही, मखमली खुर्चीतले! जन्मभर मी देवापुढे अपराध कबूल करत आलो. आता तुमची पाळी. मेनेगा अजून खिडकीशी बसली आहे. तिला काय म्हणून हाक मारायची? खोकून वेळ मारून नेऊ नका. उत्तर द्या.