थोरलीच्या रक्ताचा निकाल

थोरली रुग्णवाहिका चालवायची. कितीही गर्दी असो, ती कधी गोंधळत नसे. आज मात्र दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ती दोनदा मागे वळली. रक्ताच्या तपासणीचा निकाल मिळणार होता.

तिचे बाबा पाट्या रंगवायचे. पन्नाशीच्या आतच त्यांची अक्षरं उलटसुलट व्हायला लागली. आईला वाटलं, चोरून पितात; तिनं बोलणंच टाकलं. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हा कमी वयात येणारा स्मृतिभ्रंश होता, एका बिघडलेल्या जनुकामुळे आलेला. बाबांच्या आईलाही तोच असणार. तिला लोक वेडी म्हणायचे. त्या दिवशी आई बाबांचा हात धरून रडली. त्यानंतर तिनं बाबांशी कधी अबोला धरला नाही.

प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी होती. थोरलीला जाणून घ्यायचं होतं. पोहायला शिकवणारा तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "तू खुशाल जाणून घे, ताई. मला जीव मुठीत धरून जगायचं नाही." सोबत मात्र आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

समुपदेशक बाईंनी पाल्हाळ लावलं नाही. "तुमच्यात तो दोष नाही."

"परत सांगा."

"नाही. म्हणजे तुमच्याकडून तुमच्या मुलीलाही जाणार नाही."

थोरली उठली, बसली, पुन्हा उठली आणि तिनं बाईंनाच मिठी मारली. धावत बाहेर आली, पण धाकट्याला बघताच थबकली. त्यानं तिचा चेहरा वाचला आणि तिला सरळ उचललंच.

"अरे, खाली ठेव. लोक बघताहेत."

"बघू देत."

"आणि तुझं काय?"

"वाटलं तर बघेन कधीतरी. आज तोंड पाडायचं नाही, सांगून ठेवतो."

घरी अंगणात बाबा रंगवत बसले होते. हल्ली आई पेन्सिलीनं ठळक अक्षरं काढून द्यायची, बाबा त्यात रंग भरायचे. थोरली त्यांच्यासमोर बसली. कसं सांगावं ते सुचेना.

"बाबा, मी पास झाले."

बाबांचा चेहरा खुलला. "कितवी आलीस?"

"पहिली."

"आणि हा?"

"मी अजून परीक्षेलाच बसलो नाही," धाकटा म्हणाला.

"पहिल्यापासून आळशी," बाबा म्हणाले. धाकटा पोट धरून हसत सुटला, मग थोरली, मग डोळे पुसत आईसुद्धा. बाबांना स्वतःचा विनोद फार आवडला. त्यांनी तो पुन्हा सांगितला, आणि सगळे पुन्हा हसले.