वेचलेले दाणे

रतनबाईने खिचडीतले शेंगदाणे एकेक करून वेचले होते आणि ती मला वाटी दाखवत होती.

“बगा मावशी, शेफालीसाठी वायली थाळी केलीया. येक दाणा ऱ्हाऊ दिला न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. शेफाली माझी नात, चार वर्षांची. दाणा पोटात गेला की तिचे ओठ सुजतात, घसा आवळतो. गेल्या दिवाळीत भोरहून पुण्याला नेईस्तोवर ती निळी पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, दाण्याचा हातसुद्धा लागता कामा नये. अंगणवाडीत घालताना सुनेने, अश्विनीने, हे स्वयंपाकाच्या रतनबाईला तीनदा सांगितलं होतं. आज मी शेजारच्या जाईबाईच्या ओट्यावर बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, ती तशीच उठून लवकर न्यायला आले, म्हणून हे दिसलं तरी.

“दाणे वेचलेस, अन् कूट गं?”

“कूट चिमूटभरच हाय. चवीपुरता.”

“चवीपुरता? मारशील पोरीला!”

“रागावू नगा मावशी. आपल्या टायमाला कुठं व्हती असली थेरं?”

त्या वाक्याने मी पेटले. पहिल्यांदा अश्विनीने सांगितलं तेव्हा मीही हेच बोलले होते. आणि मला तर कळायला हवं होतं. पासलीला, माझ्या माहेरी, माझा धाकटा भाऊ, भिमा, पाच वर्षांचा. जत्रेतला दाण्याचा लाडू त्याने उंबराखाली बसून खाल्ला; अर्धा माझ्यासाठी मुठीत ठेवला होता. तोंड सुजलं, छाती घरघरायला लागली. वडील म्हणाले, उंबराखालचं बाहेरचं लागलं. आईने लिंबू उतरवलं. दिवेलागणीच्या आत भिमा गेला. त्या उंबराला आम्ही साठ वर्षं नारळ फोडतोय! मूठ उघडून लाडू कोणी पाहिला नाही.

“व्हती गं आपल्या टायमाला बी! आमी पोरं पुरली अन् झाडाला नारळ फोडलं!”

रतनबाई पुटपुटली, “पर हिनं खाल्लं कुठं? मघापासनं घास पुढं करतीया, तर नगंच म्हंती. मोठ्या माणसाला असं न्हाई म्हणायचं असतं व्हय?”

“असतं! तेच शिकवलंय तिला.”

शेफाली भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागे, ओठ घट्ट मिटलेले. मी तिला उचलायला वाकले. ती मागे सरकली.

“आजी, हात दाखव.”

माझ्या नखांत तांबडी फोलपटं होती. हात पदराला पुसले की झालं, असं मला वाटलं होतं.

“न्हाई,” पोर म्हणाली.

मी दाराबाहेर गेले, साबण मागितला. नळाला पाणी नव्हतं. रतनबाई पिंपातून तांब्या भरून आणून ओतू लागली. मी नखं खरवडत शिव्या देत होते. कोणाला, ते तिने विचारलं नाही.

शेफाली उंबऱ्यात उभी राहून पाहत होती.

“अजून,” ती म्हणाली.