अँटिबॉडी न दिलेला गर्भ

दामिनीने दोन्ही बाटल्या उजेडापुढे धरल्या. कोंबडीचे चार दिवसांचे गर्भ आठवडाभर द्रावणं बदलून काचेसारखे पारदर्शक झाले होते. न कापता आतलं दिसावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. एकात तिने अँटिबॉडी सोडली होती. ती ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि मायक्रोस्कोपखाली ती जागा हिरवी चमकते. दुसऱ्यात काहीच सोडलं नव्हतं, त्यामुळे तो काळा दिसायला हवा होता.

मायक्रोस्कोपखाली तोही चमकला. हृदयाच्या त्याच कोपऱ्यात, अगदी तेवढाच.

महिन्यात ही तिसरी वेळ. आत राहिलेलं रक्त मुळातच चमकत होतं. ती चमक आधी पेरॉक्साइडच्या रंग उडवणाऱ्या द्रावणाने घालवली की दोन्ही गर्भ काळे. म्हणजे हृदयात ते प्रथिन सापडल्याचा तिचे मार्गदर्शक मुकुंद सर यांचा तीन वर्षांपूर्वीचा शोधनिबंध चुकीचा होता. तिच्या पीएचडीचे पहिले दोन अध्याय त्याच निबंधावर उभे होते आणि हे तिचं सहावं वर्ष होतं.

सरांनी मायक्रोस्कोपमधली चित्रं शांतपणे पाहिली.

"हे प्रबंधात घालू नकोस."

"पण सर, तुलनेसाठीचाच गर्भ चमकतोय."

"मग मी सही कशावर करू, तूच सांग." आवाज चढलेला नव्हता. "आणि मला सोडून कुठे जाशील? हा मायक्रोस्कोप नागपुरात दुसऱ्या कोणाकडे आहे?"

ते खरं होतं.

निबंधातलं मूळ चित्र सरांची आधीची विद्यार्थिनी नीलाताई हिने घेतलं होतं. ती आता रामदासपेठेत एका तपासणी केंद्रात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत दामिनी तिला भेटायला गेली. चित्र पाहून नीलाताईने डबा बंद केला.

"मलाही दिसलं होतं हे."

"सरांना सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं. आठ महिने माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून होता. मग मी अँटिबॉडी न दिलेल्या गर्भाचं चित्र प्रबंधातून काढून टाकलं. पंधरा दिवसांत सही झाली." खाली मान घालून ती म्हणाली, "माझं नाव कुठे घेऊ नकोस, दामिनी."

संध्याकाळी तिने सावनेरला वडिलांना फोन लावला. चंपतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून अडून राहिली वं? साहेब म्हणते तसं लिहून टाक ना. कोंबडीच्या पिल्लात काय चमकते, कोणाले पडलं आहे?"

"मले पडलं आहे, बाबा."

"अन् आमाले? गावात सारे विचारून राहिले, पोरगी कधी डॉक्टर होते म्हणून."

तिने फोन ठेवला.

आढावा समितीची बैठक सोमवारी होती. रविवारी दिवसभर ती सादरीकरणातून ते चित्र काढून टाकायची, परत लावायची. शेवटी ते राहिलं, ते तिच्या धैर्यामुळे नव्हे. ते काढलं की पुढच्या, अँटिबॉडी दिलेल्या गर्भाच्या चित्रातल्या चमकीला काय म्हणायचं, हेच तिला कळेना.

बैठकीत ते पडद्यावर आलं. समितीतल्या बाई पुढे झुकल्या. "याला अँटिबॉडी दिलीच नव्हती?"

"नाही, मॅडम."

सगळ्यांनी मुकुंद सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला. "आम्ही ते तपासतोच आहोत," ते म्हणाले. त्या 'आम्ही'त दामिनीही आली.

समितीने दोन्ही अध्याय रद्द केले. नवं काम, आणखी दीड वर्ष. निबंधाचं काय करायचं ते सरांनी ठरवावं. मार्गदर्शक बदलून मिळेल का, असं तिने विचारलं. या विषयाला दुसरं कोणी नाही, असं उत्तर आलं.

सर तिच्यावर कधी ओरडले नाहीत. तिच्याशी बोलणं मात्र त्यांनी थांबवलं. तिचं टेबल त्यांच्या दारासमोरच होतं. ते दिवसातून सहा वेळा शेजारून जात आणि प्रत्येक वेळी ती मान वर करी.

सरांनी निबंध अजून मागे घेतलेला नाही. दामिनी नव्या गर्भांची बाटली उघडते, तीन वेळा धुते, पेरॉक्साइड घालते आणि घड्याळ लावून तिथेच बसते.